हात कुणाचा, आखणी कुणाची?

अर्धांगवायूने वडिलांची उजवी बाजू गेली. घरी आणल्यावर एका ब्युरोने ‘फिजिओ’ म्हणून एक तरुण पाठवला. मुलगा गोड, वेळेवर येणारा, वडिलांना ‘आजोबा’ म्हणणारा. पण पलंगावरून उठवताना तो त्यांचा लुळा हात धरून ओढायचा. पुढे दाराच्या चौकटीला कप्पी बांधून तोच हात डोक्यावर खेचू लागला. थोड्याच दिवसांत खांदा असा धरला की सदरा चढवतानाही वडील कळवळायचे. ब्युरोला विचारले तर म्हणाले, तो मदतनीस आहे, तपासायला मॅडम येतील. त्या काही आल्या नाहीत.

मग आम्ही नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंना बोलावले. त्यांनी खांद्याखाली बोट दाबून पोकळी दाखवली. खांद्याचा सांधा मुळात उथळ. दंडाचे हाड जागेवर राहते ते मुख्यतः स्नायूंच्या जोरावर. स्नायू लुळे पडले की हाताच्या वजनानेच ते खाली सरकते. असा हात कधीच ओढायचा नसतो, आणि कप्पीचा व्यायाम तर अशा खांद्याला टाळायचाच असतो.

बाईंचाही एक सहायक होता. त्याला त्यांनी आधी वडिलांवरच सगळे करून दाखवले: आधार कमरेच्या पट्ट्याला धरून द्यायचा, उभे राहायचे दुबळ्या बाजूला, खुर्ची लावायची धडधाकट बाजूला, बसल्यावर हाताखाली उशी. मग रोज तो यायचा, बाई आठवड्यातून एकदा येऊन बघायच्या आणि व्यायाम बदलायच्या.

त्यामुळे सहायक नकोच, असे मी मुळीच म्हणणार नाही. अर्धांगात सुधारणा होते ती रोजच्या घोटून घेतलेल्या सरावाने, आणि तो करून घेणारा हाच माणूस. रुग्णाला तोच सर्वांत जास्त पाहतो. एकदा वडिलांची पोटरी सुजली. आई तेल चोळायला बसलीच होती. त्याने तिला थांबवले, व्यायाम बंद ठेवला आणि बाईंना फोन लावला. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. सोनोग्राफीत गुठळीच निघाली.

अमेरिकेत या सहायकांना साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि परवाना लागतो. तरी पहिली तपासणी आणि उपचारांची आखणी फिजिओथेरपिस्टनेच करायची असते. आपल्याकडे 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी केंद्रीय कायदा झाला, पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाची पारख अजून घरच्यांनाच करावी लागते. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. तो क्रमांक बेधडक मागा. ज्याला राग येईल, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पहिली तपासणी कोणी केली, व्यायाम कोणी लिहून दिले, पुन्हा कधी बघणार, हे वहीत लिहून घ्या. व्यायामाआधी रक्तदाब मोजला जातो का, बघा. दुखणे वाढले, चक्कर आली, दम लागला तर ‘थोडे सहन करा’ हे उत्तर मान्य करू नका. व्यायाम तिथेच थांबवा. आणि सहायक रजेवर गेला तर बदली कोण येणार, तेही आधीच विचारा. बदलीच्या माणसाला रुग्णाला हात लावण्याआधी वही वाचायला द्या.