पोट बाळूचे, सही माझी

माझी सारी हयात महसूल खात्याच्या कारकुनीत, म्हणजे परक्यांच्या दस्तऐवजांवरील सह्या पारखण्यात गेली. कोणाची सही अधिकाराची आणि कोणाची बिनअधिकाराची हे ज्याला झोपेतही सांगता यावे, त्याच मनुष्याने सख्ख्या धाकट्या भावाच्या शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर, त्याला एका शब्दाने न विचारता, आपली लफ्फेदार सही ठोकून द्यावी, हा विपर्यास मला अजून टोचतो.

बाळू जन्मतः डाऊन सिंड्रोमचा. आई होती तोवर ती त्याला रोज सायंकाळी पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठाने हिंडवून आणी. ती गेली, तिच्यामागे ती फेरीही गेली, आणि बाळू रुसला की बिस्किटांचा पुडा पुढे करायचा, हा आम्हांला सुचलेला सर्वांत सुलभ बंदोबस्त घरात रूढ झाला. चौतिसाव्या वर्षी, पाच फुटांना इंचभर कमी अशा त्या देहाचे वजन 104 किलो भरले, आणि रात्री श्वास कोंडून तो दचकून उठू लागला. जठराचा तीनचतुर्थांशाहून अधिक भाग काढून उरलेल्याची अरुंद नळी करायची, असा सल्ला मिळाला. तो सल्ला गैर होता असे मी म्हणणार नाही. बुद्धीने अधू म्हणून उपचारच नाकारणे, हाही अन्यायाचाच एक प्रकार.

गैर झाले ते पुढे. "डॉक्टरकाका नुसते पोट बघणार आहेत," असे सांगून मी त्याला नेले. शुद्धीवर आल्यावर पोटावरील पट्ट्यांवर हात ठेवून तो म्हणाला, "दादा, खोटं बोललास." त्यानंतरचे पातळ पेजेचे दिवस त्याच्या दृष्टीने निव्वळ शिक्षेचे होते, आणि शिक्षा कशाबद्दल, हे त्याला कोणीच सांगितले नव्हते. नवव्या दिवशी शेजाऱ्यांकडे त्याने वडापाव गिळला. मग घाईने खाणे आणि ओकणे यांचा क्रमच लागला. भिंतीवर डोके आपटणे सुरू झाले, ते आम्ही हट्टीपणात जमा केले. 'दुखते' हा शब्द त्याला ऐन वेळी सापडत नाही, हे चौतीस वर्षांच्या सहवासानंतर तरी मला ठाऊक असावयास हवे होते. दीड महिन्यात त्याचे पाऊल झोकांड्या खाऊ लागले, डोळे थरथरू लागले. सततच्या ओकाऱ्यांनी शरीरातील बी-1 जीवनसत्त्व संपले होते. त्याचा साठा मुळात काही आठवड्यांपुरताच असतो, आणि विलंब झाला तर मेंदूची हानी कायमची होते. इंजेक्शनांनी बाळू वाचला. चाल मात्र पूर्ववत झाली नाही. रुग्णालयाचे नाव सांगण्यात हशील नाही. संमतिपत्र त्यांनी पुढे केले हे खरे, परंतु लेखणी माझ्या हाती होती.

त्या दिवसांतील जागरणांत मला 1994 साल आठवले. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात गहजब उडाला होता, आणि कचेरीत वर्तमानपत्र हातात धरून मीही तावातावाने बोललो होतो. देह त्यांचा आणि सोय सांभाळणाऱ्यांची, हेच त्या प्रकरणाचे मर्म होते. माझ्या घरात काय निराळे घडले?

कायदा या बाबतीत आपल्या समजुतीहून कडक आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की जन्मदाते आईबापही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, मग भावाची काय कथा! 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आम्हां पनवेलकरांना त्यासाठी पेण, वडखळ ओलांडून अलिबाग गाठणे आले. मी ते गाठले, पण शस्त्रक्रियेनंतर. आणि ज्यांच्या हाती पालकत्वाचा दाखला आला आहे त्यांनाही माझे सांगणे हेच, की त्या कागदाने सहीचा अधिकार मिळतो, विचारण्याचे कर्तव्य उरतेच.

शस्त्रक्रियेच्या वाटेने जाणाऱ्यांनी आधी वजनाचे मूळ शोधावे. डाऊन सिंड्रोममध्ये थायरॉईडची मंदता वारंवार आढळते. वर्तन शांत राखण्यासाठी दिलेल्या ओलान्झापिन, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांनीही भूक आणि वजन वाढते, म्हणून पोटाच्या शल्यविशारदाआधी मनोविकारतज्ज्ञाला औषधांची यादी दाखवावी (बाळूची अशी एक गोळी वर्षानुवर्षे चालूच होती). भूल देण्यापूर्वी हृदयाची आणि मानेच्या वरच्या दोन मणक्यांची तपासणी डाऊन सिंड्रोमच्या मंडळींत विसरता कामा नये. प्राडर-विली हा विकार असेल तर गोष्टच वेगळी. तेथे भुकेचा उगम मेंदूत असल्याने जठर लहान केल्याने ती शमत नाही, आणि स्वयंपाकघराला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

खाण्याची तालीम मात्र शस्त्रक्रियेच्या निदान दोन महिने आधी सुरू करावी: वाटीभर अन्न, वीस मिनिटे, चावून चावून, आणि जेवताना पाणी नाही. हे ज्याच्याकडून आधी होत नाही, त्याच्याकडून टाके घातल्यावर होईल अशी आशा बाळगू नये. बी-12, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर द्यावयाच्या असतात. आपल्यामागे त्या कोण देणार, हे ठरल्याशिवाय तारीख घेऊ नये. ओकारी दोन-तीन दिवस थांबली नाही, तर स्वभावाची चिकित्सा घरी करीत न बसता रुग्णालय गाठावे.

माझ्या पत्नीने बाळूसाठी चित्रांची एक वही केली आहे. तीत सुई आहे, पट्टी आहे, वाटी आहे, आणि नकाराचा आडवा हातही आहे. सध्या त्याचे वजन 71 किलो आहे. गेल्या खेपेस रक्त काढणाऱ्या मुलाने वहीकडे न पाहताच दंडाला पट्टा बांधावयास घेतला, तेव्हा बाळूने हात मागे ओढला, सुईचे पान काढून त्याच्यापुढे धरले, आणि त्याने ते पाहीपर्यंत हात काही पुढे केला नाही.