पायाखालची खरखर

गणपतीतला कार्यक्रम, तिसरं गाणं. अंतऱ्याआधी माझा चार मात्रांचा तुकडा होता, वा-वा पेडलवरचा. टाचेवरून चवड्यावर भार टाकला, तर स्पीकरमधून नुसती खरखर. पेडल बंद करावं म्हणून चवडा जोरात दाबला, पण स्विच लागेचना. पुढचं सगळं गाणं माझी गिटार पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी किंचाळत राहिली. स्टेजखालून मंडळाचे एक काका ओरडले, "अरे, वायर हलतेय बघ!"

वायर हलत नव्हती. तीन महिन्यांपूर्वी घेतलेल्या २,४०० रुपयांच्या पेडलनं जीव सोडला होता.

चूक माझीच. व्हिडिओ बघून, दिसायला छोटं, वजनाला हलकं, वर व्हॉल्यूम पेडलही फुकटात, म्हणून घेतलं. ते एवढंसं होतं की पाऊल निम्मं बाहेर. टाच ते चवडा हा प्रवास इतका आखूड की आवाज सावकाश 'उघडायला' जागाच नाही. एकदम बंद, नाहीतर एकदम उघडा. त्यात मी कोल्हापुरी घालून वाजवणारा. त्या जाड तळातून स्विच दबला की नाही, ते पायाला कळणार कसं?

गंमत म्हणजे वा पेडलचा जन्मच काटकसरीतून झालाय. १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या थॉमस ऑर्गन कंपनीत ब्रॅड प्लंकेट हा इंजिनिअर व्हॉक्स अँपमधल्या एका महागड्या फिरत्या स्विचऐवजी साधा पॉट, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता रोधक, बसवत होता. पॉट फिरवला की मधल्या सुरांचा उठाव खालून वर सरकायचा, हाच तो 'वा'. मग तेच सर्किट ऑर्गनच्या व्हॉल्यूम पेडलच्या खोक्यात गेलं. आजही आत मुख्यतः तेच असतं: हलणारी पट्टी, दातेरी दांडा आणि त्यानं फिरणारा पॉट. अँपचा पॉट तुम्ही दिवसातून दोनदा फिरवता, हा एका गाण्यात शेकडो वेळा घासतो. म्हणून स्वस्तातल्या पेडलमध्ये आधी मरतो तो पॉट.

तो बदलायला मी बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो आणि १०० के लिहिलेला साधा पॉट आणला. बसला, खरखर गेली, पण 'वा'सुद्धा गेला. सगळा आवाज शेवटच्या बोटभर अंतरात गोळा झाला. वा पेडलच्या पॉटची चढण वेगळी असते, नुसता आकडा जुळून भागत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर एक रविवार वाचला असता.

तेव्हा पेडल घ्यायच्या आधी दुकानात उभं राहून वाजवा, रोजच्या चपला-बुटांत. पेडल चालू ठेवून गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा आणि पट्टी सावकाश वरखाली करा. या शांततेत पॉटची खरी तब्येत ऐकू येते. पट्टी आडवी डुलते का ते बघा. स्विच वीसेक वेळा दाबा. मग पेडल बंद ठेवून वाजवा आणि लगेच केबल थेट अँपला लावून तेच वाजवा. काही जुन्या धर्तीची पेडलं बंद असतानाही आवाजाची धार खातात. घरी मल्टि-इफेक्ट असेल आणि त्याला पायाची पट्टी असेल, तर तालमीपुरता त्यातला वा पुरतो, घाई नको.

माझं मत विचाराल तर नव्या प्लास्टिकपेक्षा जुनं धातूचं बरं. डनलॉपचं क्राय बेबी जीसीबी ९५ सेकंडहँड बघा. त्याचा नेमका पॉट वेगळा मिळतो. स्विच लागत नसेल तर बरेचदा त्याचा नट थोडा वरखाली करून काम होतं. मॉर्लेच्या ऑप्टिकल पेडलमध्ये तर घासणारा पॉटच नाही, पण ते धूड पाठीवर वाहायची तयारी हवी. अ‍ॅडाप्टर बहुधा ९ व्होल्टचा, आतली पिन निगेटिव्ह. कीबोर्डवाल्याचा उसना लावू नका. आणि बॅटरीवर वाजवत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटमधली केबल काढा, नाहीतर बॅटरी उगाच संपत राहते.

माझं सध्याचं क्राय बेबी एका कॉलेजच्या पोरानं विकायला काढलं होतं. त्याच्यासमोरच व्हॉल्यूम शून्यावर आणून पट्टी हलवली. खरखर दोघांनीही ऐकली. काही न बोलता त्यानं ८०० रुपये कमी केले.