विचारदोष आणि भावनियमन

मनुष्यास दुःख होते ते केवळ घडलेल्या प्रसंगाने नव्हे; त्या प्रसंगाचा जो अर्थ तो मनात लावतो, त्यानेही होते. अर्थ सदोष असला की दुःख प्रमाणाबाहेर वाढते. आणि तोच दोष नित्य घडू लागला, तर मन रोगी होते. या दोषांचे स्वरूप व त्यांच्या निरसनाची रीत प्रस्तुत पाठात पाहावयाची आहे.

दृष्टान्त : एका गृहस्थाचा पुत्र परगावी नोकरीस होता. तो दर रविवारी दूरध्वनी करी. एका रविवारी तो आला नाही. गृहस्थ मनात म्हणाला, "मुलगा मला विसरला. माझा सारा जन्म वाया गेला." रात्री त्याने अन्न टाकले. घरच्यांनी विचारले, तेव्हा "काही नाही" म्हणून तो भिंतीकडे तोंड करून निजला. सोमवारी दूरध्वनी आला. मुलास कारखान्यात जादा पाळी करावी लागली होती.

दार्ष्टान्तिक : येथे प्रसंग एवढाच की दूरध्वनी आला नाही, बाकी सर्व मनाने रचले. फिलाडेल्फिया येथील मनोविकारतज्ज्ञ ॲरन बेक (१९२१–२०२१) यांनी विषादग्रस्त रुग्णांचे विचार तपासून १९६३ साली अशा दोषांची मांडणी केली. त्यांतील तीन येथे स्पष्ट दिसतात. पुराव्यावाचून 'विसरला' असे ठरविणे, हे निराधार अनुमान. वर्षानुवर्षांचे रविवार सोडून एकच रविवार धरणे, हे अंशग्रहण. एका गोष्टीवरून सारा जन्म वाया गेला म्हणणे, हा अतिव्याप्त निष्कर्ष.

गृहस्थाची दुसरी चूक अशी, की त्याने भावना गिळली. भावना गिळणे म्हणजे तिचे नियमन नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना किळसवाणे चित्रपटदृश्य दाखविले. ज्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, त्यांची किळस कमी झाली नाही. उलट शरीरावरील ताण वाढला. ज्यांनी दृश्याकडे पाहण्याची दृष्टीच बदलली, त्यांची किळस मात्र उणावली. सारांश, बाहेरून दाबलेली भावना आत जागीच राहते. अर्थ शोधिला असता ती निवळते.

शंका : तर मग पुत्र निवर्तला असता पित्याने केलेला शोक हाही विचारदोषच म्हणावा काय?

समाधान : नाही. वियोग खरा आहे, म्हणून शोकही उचित आहे. त्यास अश्रूंची वाट असावी. परंतु "माझ्यामुळेच तो गेला" असे कारणावाचून स्वतःस दोषी ठरविणे, हा विचारदोष होय. शोक दूर सारावयाचा नाही; त्यात मिसळलेले असत्य तेवढे निवडून काढावयाचे आहे. तसेच वाईटास बळेच चांगले म्हणणे, हेही शोधन नव्हे.

रीत : मन व्याकुळ झाले असता तीन प्रश्न करावेत. प्रत्यक्ष घडले काय? मी त्यास काय जोडले? जोडले त्यास पुरावा कोणता? उत्तरे लिहून काढावीत, अथवा विश्वासाच्या माणसापाशी बोलावीत. तथापि उदासी, निद्रानाश वा अन्नावरील वासना जाणे दोन आठवडे टिकले, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर विनाविलंब वैद्यकीय साहाय्य घ्यावे. त्यात कमीपणा नाही. मनाचा आजार हाही आजारच आहे.

तात्पर्य : डोळे कोरडे राहिले म्हणून मन शांत झाले असे होत नाही. आपल्याच विचाराची साक्ष तपासून घेतो, त्याचे मन निवते.