साठ की आठ?

भाजीवाली ‘साठ’ म्हणते, त्यांना ‘आठ’ ऐकू येतं. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर उमेदीची वर्षं घालवलेले नौपाड्यातले हे काका (नाव नको म्हणाले) आता बाजारात बायकोला पुढे करतात. कुणी बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते कळत नाही.

पाळी सुटली की कानाला दडे बसायचे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की आत बारीक शिट्टी वाजत राहायची. सकाळी कान मोकळे वाटत, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ‘होते सवय,’ असं शेडमधले जुने लोक सांगत. कानाला सवय वगैरे काही होत नसते. आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. पहिला फटका बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास बसतो. स, श, फ ही उंच पट्टीतली व्यंजनं, त्यामुळे आधी तीच गळतात.

ठाण्याला गोंगाटाचं भांडण नवं नाही. इथल्याच डॉ. महेश बेडेकरांच्या सणांतल्या गोंगाटाविरुद्धच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये निकाल दिला. वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला 90 पर्यंत मुभा. 95 झाले तर चारच तास, 100 ला दोन. 55 आणि 90 यांत ध्वनीची ऊर्जा तीन हजार पटींहून अधिक वाढते. मिरवणूक रस्त्यावरून जाते म्हणून तिची तक्रार होते. प्रेस पत्र्याच्या आड वर्षभर धडधडते.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं की जागा धोक्याची समजा, असं काका नव्या पोरांना सांगतात. कापसाच्या बोळ्यावर त्यांचा राग आहे, कारण त्यांनी तोच वर्षानुवर्षं वापरला. त्याऐवजी फोमचा प्लग धुतलेल्या हातांनी वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटाने दाबून धरायचा. अर्धा बाहेर लोंबणारा प्लग फक्त सुपरवायझरला दाखवण्यापुरता. गप्पांसाठी तो काढायचाच तर शेडबाहेर जाऊन. मालकाने प्रेसखाली रबरी पॅड घातले, कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत हलवला, तर प्लगवरची भिस्तही कमी होते. पण ते पोरांच्या हातात नसतं.

कर्मचारी राज्य विमा योजनेत आवाजाने येणारा बहिरेपणा व्यावसायिक आजार म्हणून नोंदलेला आहे. दावा करायचा तर कान कधी, किती गेले हे दाखवावं लागतं. काकांची तपासणी एकदा झाली होती, कागद मात्र हातात पडला नाही. म्हणून पोरांना ते कामाला लागतानाच ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) काढायला लावतात, मग दरवर्षी, आणि प्रत्येकाची झेरॉक्स घरी. तीही तपासणी सुट्टीनंतर, पाळी सुरू व्हायच्या आधी. पाळी करून थकलेला कान आहे त्याहून वाईट निकाल देतो.