आधी सीट, मग किल्ली

मी ज्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गाडी शिकले, तिथे सीटला हात लावायची मुभा नव्हती. एकाच गाडीवर सकाळपासून पाठोपाठ माणसं शिकायची. दर वेळी सीट हलवत बसलं तर वेळ जातो, असं सरांचं म्हणणं. माझी उंची पाच फुटांच्या आत. त्यावर तोडगा म्हणून बुडाखाली एक उशी आणि पाठीशी दुसरी.

क्लच पुरता दाबायचा तर मला सीटच्या कडेवर यावं लागायचं. तो अर्धवट दबला की गिअर करकरायचा. सोडताना पायाला अंदाज यायचा नाही, गाडी गचका देऊन बंद पडायची. "मॅडम, तुमच्या उंचीचाच प्रॉब्लेम आहे," हे ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं होतं. घरी आल्यावर डावा गुडघा ठणकायचा, मान धरायची.

एकदा उतारावर पुढची रिक्षा अचानक थांबली. मी ब्रेकवर पाय दिला आणि खालची उशी सरकली. उशीसकट मी पुढे घसरले, पायातला जोरच गेला. सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. शिकवणीच्या गाडीतली ही दुसरी पेडलं जीव वाचवतात हे खरंच. पण शिकणाऱ्याचा पाय कमी पडतोय, हेही त्यांच्यामुळेच झाकून राहतं. परवाना हातात आल्यावर घरच्या गाडीत ती पेडलं नसतात.

माझे मामा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झाले. त्यांनी मला त्यांच्या गाडीत बसवलं, पण किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. "आधी बूड पार मागं टेकव. बाकीचं मग बघू," म्हणाले. त्या दिवशी गाडी जागची हलली नाही, तरी तोवरच्या सगळ्या तासांपेक्षा जास्त शिकायला मिळालं.

सीट लावायची ती पायापासून वर. कंबर मागे टेकलेली ठेवून सीटखालची दांडी उचला, सीट पुढे-मागे घ्या आणि क्लच तळापर्यंत दाबून बघा. तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताठ होत असेल तर सीट लांब आहे. गुडघा स्टिअरिंगला घासत असेल तर फार जवळ. दांडी सोडल्यावर खट्ट आवाज येतो. तरी अंग पुढे-मागे रेटून खात्री करा, कारण नीट न अडकलेली सीट चढावर गाडी उचलताना मागे सरकते आणि पेडलं पायाखालून निघून जातात. याच कारणासाठी चालत्या गाडीत सीट हलवायची नाही, कधीच.

मग उंची. बॉनेटच्या पुढचा रस्ता मान न ताणता दिसला पाहिजे. उंची कमी-जास्त करायची सोय बऱ्याच गाड्यांच्या स्वस्त मॉडेलमध्ये नसते. घरात बुटकं माणूस गाडी चालवणार असेल तर मोठ्या स्क्रीनपेक्षा ही सोय आधी बघा, असं मी आग्रहाने सांगेन. उंची वाढवली की पायाचं अंतर पुन्हा तपासा, ते बदलतं. उशी घ्यावीच लागली तर कडक, न सरकणारी, सीटला बांधता येणारी घ्या.

पाठ किती कलती ठेवायची, ते हाताने मोजा. खांदे टेकलेले ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. छाती आणि स्टिअरिंगचा मधला भाग यांत निदान २५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त अंतर हवं. जुलै २०१९पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते, आणि स्टिअरिंगला चिकटून बसलेल्याला तिचाच मार बसतो. बुटकी माणसं पायासाठी पुढे सरकतात, म्हणून धोका त्यांनाच जास्त. अशा वेळी पाठ जराशी मागे कलवावी, आणि स्टिअरिंग वर-खाली होत असेल तर ते खाली घ्यावं, म्हणजे एअरबॅगचं तोंड चेहऱ्याऐवजी छातीकडे राहतं.

यानंतर हेडरेस्ट डोक्याच्या माथ्याच्या पातळीला आणा. आरसे त्याच्यानंतरच, आधी लावलेले आरसे सीट हलली की चुकतात. बेल्टचा खालचा पट्टा पोटावर न घेता कमरेच्या हाडांवर घ्या.

दुसऱ्या कुणी गाडी चालवली की हे सगळं पुन्हा करायचं. शिकवणीत तर दर तासाला. त्यात दोन-तीन मिनिटं जातात, आणि सरांना घाई असते. तरीही संकोच करू नका. फी आपण भरलेली असते, त्या मिनिटांवर आपला हक्क आहे. सीट लावून होईपर्यंत सरांना थांबायला सांगा.