इन्सुलेशन म्हणजे बेट करणे

सातवीला 'सुवाहक आणि दुर्वाहक' शिकवताना मी एक प्रश्न हमखास विचारते. बर्फाचे दोन सारखे तुकडे घेतले. एक ताटलीत उघडा ठेवला, दुसरा लोकरीच्या स्वेटरमध्ये गुंडाळला. आधी कोणता वितळेल? बरेच हात स्वेटरमधल्या बर्फासाठी वर जातात. कारण? "बाई, स्वेटर गरम असतो ना!"

दुर्वाहकाची व्याख्या या मुलांना पाठ असते. तरी गडबड होते, कारण व्याख्येमागचं चित्र डोळ्यांसमोर नसतं. ते चित्र इन्सुलेशन या शब्दातच आहे.

शब्द कुठून आला?

लॅटिनमध्ये 'इन्सुला' म्हणजे बेट. इन्सुलेट करणे म्हणजे एखाद्या वस्तूला बेटासारखं वेगळं करणे. 1729 मध्ये इंग्लंडमध्ये स्टीफन ग्रे लांब दोऱ्यातून वीज नेत होता. दोरा रेशमाच्या धाग्यांवर टांगला तेव्हा वीज पुढे गेली. पितळी तारेवर टांगला तर मधेच निघून गेली. रेशमाने त्या दोऱ्याचं जणू बेट केलं होतं.

भूगोलातला 'पेनिन्सुला' याच घरातला: 'पेने' म्हणजे जवळजवळ, म्हणून जवळजवळ बेट. आपला 'द्वीपकल्प'ही तसाच. संस्कृतात शब्दाला 'कल्प' लागला की 'त्याहून किंचित कमी' असा अर्थ होतो. मधुमेहातलं इन्सुलिनसुद्धा इथलंच. स्वादुपिंडातल्या पेशींच्या 'बेटां'वरून त्याला नाव मिळालं.

कल्याणच्या मुलांसाठी

बेट दाखवायला लांब जायला नको. लोकलने कळवा सोडलं की खाडीवरचा पूल लागतो. तो ओलांडला की आपण साष्टी बेटावर! आता मुलांना विचारा, पूल नसता तर? इकडचा माणूस चालत तिकडे जाणार नाही आणि तिकडचा इकडे येणार नाही. पाणी दोन्ही बाजूंनी अडवतं.

हीच खरी गोम आहे. स्वेटर उष्णता देत नाही. लोकरीत अडकलेली हवा उष्णतेची ये-जा मंद करते. अंगात घातला तर आतली उष्णता बाहेर जायला वेळ लागतो. बर्फाला गुंडाळला तर बाहेरची आत यायला वेळ लागतो. बर्फवाला लादी गोणपाटात का गुंडाळतो, हे मग मुलंच सांगतात.

स्टेशनवर वर बघा

ओव्हरहेड वायर खांबांना जिथे टांगलेली असते, तिथे कंगोरे असलेले इन्सुलेटर दिसतील. मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 ला विजेची पहिली गाडी धावली तेव्हा तारेत 1,500 व्होल्ट होते. आज 25,000 आहेत. कंगोऱ्यांमुळे विजेला पृष्ठभागावरून जायची वाट लांब पडते आणि पावसातही काही भाग कोरडा राहतो.

पण पाणी चढलं की बेटही बुडतं, हे नक्की सांगा. हवा एरवी विजेची रोधक आहे, पण एवढ्या दाबाची तार जवळ असेल तर ठिणगी हवेतून उडी मारते. तारेला हात लागायचीही गरज नसते. म्हणून तारेच्या दोन मीटरच्या आत जायचं नाही, उभ्या मालगाडीवर तर कधीच चढायचं नाही. सेल्फीच्या वयातल्या मुलांना हे वर्गात कळायला हवं.

घरी करून पाहा

बर्फाचे दोन तुकडे वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत बांधा. एक उघड्यावर ठेवा, दुसरा स्वेटरमध्ये. मुलाचा अंदाज आधी लिहून घ्या. अर्ध्या तासाने दोन्ही पिशव्या उघडा. उत्तर तुम्ही सांगू नका, त्यालाच सांगू द्या.

मग पुढचा प्रश्न टाका: कोरड्या फडक्यात पोळ्या गरम राहतात, पण ओलं फडकं गुंडाळलेल्या बाटलीतलं पाणी थंड होतं. दोन्ही ठिकाणी इन्सुलेशनच आहे का?