लग्नाचा कागद: कधी, कुठे, किती रुपयांत

मंगल कार्यालय वर्षभर आधी ठरतं, केटररला आगाऊ रक्कम जाते, बस्त्याचा दिवसही नक्की होतो. विवाह नोंदणीची आठवण मात्र बऱ्याच घरांत व्हिसाचा अर्ज भरताना किंवा गृहकर्जासाठी बँकेत बसल्यावर येते. सरकारी शुल्क इतकं थोडं आहे, की दोन हारांना त्याहून जास्त पैसे पडतात. खिसा रिकामा होतो तो मुदत चुकल्यावर, घाईघाईने एजंट गाठल्यावर.

महाराष्ट्रात मुख्य वाटा दोन. आपल्या रीतीप्रमाणे लग्न लावायचं आणि नंतर ते नोंदवायचं, ही पहिली. दुसरी म्हणजे विशेष विवाह कायदा, 1954. त्यात अधिकाऱ्यासमोरच लग्न लागतं, त्याला आपण ‘कोर्ट मॅरेज’ म्हणतो. प्रत्यक्षात कोर्टाचा त्यात काही संबंध नसतो. जायचं असतं ते जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे, म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या कार्यालयात.

या दुसऱ्या वाटेचं गणित आधी मांडतो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग 30 दिवस राहिलेला असावा लागतो. नोटीस कार्यालयात लावली जाते, आणि त्यानंतर 30 दिवस हरकतींसाठी थांबावं लागतं. दुसरीकडे, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणजे समजा, तुळशीची लग्नं आटोपल्यावर 20 डिसेंबरची तारीख धरली आहे. तर नोटीस 20 सप्टेंबरनंतर द्यायची आणि नोव्हेंबरचा पहिला आठवडा उलटू द्यायचा नाही. हॉलची पावती फाडण्याआधी या दोन तारखा कॅलेंडरवर लिहा.

नोटीस विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येते. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि फोटो लागतात. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार ओळखपत्रांसह हजर हवेत. वराचं वय 21, वधूचं 18 पूर्ण असायला हवं. आधी घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. नोटरीपुढे करून घेतलेली फारकत कायद्याने घटस्फोट नव्हे, तिच्या भरवशावर पुढे जाऊ नका. जोडीदार वारलेला असेल तर मृत्यूचा दाखला. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी भाडेकरार नोंदणीकृत आहे ना, हे आधीच पाहावं. आणि आधार, पासपोर्ट, शाळा सोडल्याचा दाखला या तिन्हींवरची नावं अक्षर न् अक्षर ताडून बघा. ‘दीपाली’च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक पुढे परदेशी वकिलातीत महिनाभर अडवतो.

खर्च? नोटीस आणि लग्न मिळून सरकारी शुल्क काहीशे रुपयांच्या पुढे जात नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याकडून एजंटाने नऊ हजार घेतले, त्यात सरकारजमा झालेली रक्कम शोधावी लागेल इतकी लहान होती. वकील किंवा एजंट घेणं सक्तीचं नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. ‘30 दिवसांचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठून या. ती मुदत कमी करण्याचा अधिकार त्याला नाही.

घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्यांना या 30 दिवसांची धास्ती असते, आणि ती खोटी नाही. दोघांपैकी कुणी दुसऱ्या जिल्ह्याचा कायम रहिवासी असेल, तर नोटिशीची प्रत तिकडेही लावली जाते. पण एवढं पक्कं लक्षात ठेवा: हरकत फक्त कायद्यातल्या अटींवरच घेता येते, म्हणजे वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता. जात, धर्म किंवा आईवडिलांची नाराजी ही हरकत होऊ शकत नाही. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिला आहे. धोका वाटत असेल तर नोटीस देण्याआधीच पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

गोव्यात गोष्ट वेगळी. तिथे सिव्हिल रजिस्ट्रारकडे दोनदा जावं लागतं, लोक त्याला पहिली सही आणि दुसरी सही म्हणतात. खरा मुद्दा मालमत्तेचा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नाही, तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या कायद्यानुसार नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, निम्मी-निम्मी. वेगळं काही ठरवायचं असेल तर तो करार लग्नाआधीच, रीतसर अधिकाऱ्यापुढे करावा लागतो. नंतर बदलता येत नाही. गोव्यात सोयरीक जुळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या कुटुंबांनी याचा विचार साखरपुड्याच्या वेळीच करावा.

आता पहिली वाट. महाराष्ट्रात 1998 च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार लग्नापासून 90 दिवसांत नोंदणी करायची असते. शहरात महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात, गावात ग्रामपंचायतीत, दोघांपैकी एकाच्या राहत्या पत्त्यानुसार. अर्जाच्या नमुन्यावर 100 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, वर किरकोळ नोंदणी शुल्क. मुदत टळली तर विलंब शुल्क भरून नोंद होते, नाकारली जात नाही. मुंबई महापालिकेने सप्टेंबर 2025 पासून त्याच दिवशी प्रमाणपत्र देणारी जलद सेवा सुरू केली आहे, तिचे जादा 2,500 रुपये. विमानाचं तिकीट हातात असेल तर ठीक. एरवी ते पैसे वाचवा.

प्रतिज्ञापत्र मागितलं तर ते कशावर हवं, हे खिडकीवरच विचारून घ्या. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात 100 रुपयांच्या जागी 500 रुपयांचं मुद्रांक शुल्क आलं. त्यामुळे गरज नसताना स्टॅम्प पेपर आणणं महाग पडतं.

परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या घरी एक युक्ती चालते: आधी कागद करून घ्यायचा, लग्न सावकाश दिवाळीनंतर. एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने लग्न झालं असं होत नाही. भटजींचं पत्र आणि दोन हार घालून काढलेला फोटो जोडून घेतलेला दाखला त्यामुळे पोकळ ठरू शकतो. घाई खरोखरच असेल तर विशेष विवाह कायद्याखाली लग्न करा. ते स्वतःच पूर्ण लग्न आहे आणि तारीखही तीच धरली जाते; सोहळा मग हवा तेव्हा करा. परदेशासाठी दाखल्यावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल लागतो. मंत्रालयाचं शुल्क 50 रुपये आहे, वरचे पैसे मधल्या संस्थेचे.

आंतरजातीय विवाहासाठी राज्याच्या समाजकल्याण विभागाचं 50,000 रुपयांचं अर्थसाहाय्य आहे. दोघांपैकी एकजण मागासवर्गीय आणि दुसरा सवर्ण असेल तर चौकशी जरूर करा. अर्जाला विवाह प्रमाणपत्र लागतं.

शेवटी, लग्नाच्या दिवशीचं काम. नोंदणीच्या नमुन्यावर वर, वधू, तीन साक्षीदार यांच्याबरोबर लग्न लावणाऱ्या पुरोहितांचीही सही लागते. माझ्या भाचीच्या लग्नात ती राहून गेली. गुरुजी दुसऱ्याच दिवशी गावी गेले, मग पुढची लग्नं लागली, आणि एका सहीसाठी जावयाने दोनदा रजा टाकली. तेव्हा भरलेला नमुना, निळं पेन आणि एक प्लास्टिकचं फोल्डर कुणातरी भरवशाच्या मामाच्या हाती द्या. गुरुजींना दक्षिणा देतानाच त्यांची सही आणि आधारची प्रत घ्या, साक्षीदारांच्या सह्या जेवणाच्या पंगतीआधी. पत्रिकेच्या दोन प्रती आणि सप्तपदीचा दोघांचे चेहरे दिसतील असा एक फोटोही त्याच फोल्डरमध्ये जाऊ द्या.